आजोबांची जपानी तलवार : गंज काढण्याआधी काय बघावं, आणि कुठे हात लावू नये

प्रश्न थोडक्यात असा : आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून ब्रह्मदेशात होते, तिथून आणलेली एक जपानी तलवार घरात आहे. तपकिरी रंगाचं धातूचं म्यान, त्याला अडकवायची एकच कडी, मुठीवर चौकटी-चौकटीची विणलेली फीत. पात्यावर गंजाचे ठिपके आहेत आणि मूठ हलते. शिकलगाराकडून पातं उजळून घ्यावं, म्यानाला नवा रंग द्यावा, की आणखी काही? आणि मुळात ती खरी आहे का?

आधी एवढंच करा : शिकलगाराकडे नेऊ नका, ब्रासो, लिंबू, चिंच, पॉलिश पेपर यांपैकी काहीही लावू नका, धार तपासायला बोट फिरवू नका. या तलवारींचं सगळ्यात मोठं नुकसान गंजानं होत नाही. प्रेमानं, मेहनतीनं केलेल्या साफसफाईनं होतं. ऐंशी वर्षांचा गंज थांबवता येतो, पण घासून गेलेलं पोलाद परत येत नाही.

एकच कडी, धातूचं म्यान आणि मुठीवरची विणलेली फीत यावरून ही बहुधा जपानी लष्कराच्या अधिकाऱ्याची, ज्याला 'टाइप ९८' म्हणतात ती तलवार असावी. हे आकडे म्हणजे जपानच्या जुन्या शाही कालगणनेतल्या वर्षाचे शेवटचे दोन अंक. २५९८ म्हणजे आपलं १९३८. त्याआधीची टाइप ९४ म्हणजे १९३४ ची, तिला दोन कड्या असत. टाइप ९५ ही १९३५ पासूनची, हवालदार दर्जाच्या लोकांसाठी सरकारी कारखान्यात यंत्रावर केलेली. तिची मूठ ओतीव धातूची असते, फीत विणल्यासारखी नक्षी त्या धातूवरच उठवून वर रंग दिलेला असतो, मूठ स्क्रूनं बसवलेली असते आणि पात्यावर अनुक्रमांक ठोकलेला असतो. तोच क्रमांक म्यानावर असला तर जोडी मूळची. नौदलाची टाइप ९७ ही १९३७ ची, दोन कड्यांची, काळ्या किंवा गडद म्यानाची. आणि १९३४ च्या आधीच्या लष्करी तलवारींच्या मुठीला युरोपीय पद्धतीचा बोटं झाकणारा वाकवलेला पट्टा असतो, त्या चटकन ओळखू येतात.

हा बाहेरचा साज झाला, पातं ही वेगळी गोष्ट आहे. त्या काळात अधिकाऱ्याला तलवार स्वतः मिळवावी लागे. कुणी कारखान्यातली विकत घेई, कुणी हातानं घडवून घेई, आणि कितीतरी जणांनी घराण्यातलं दोनशे-तीनशे वर्षांचं जुनं पातं लष्करी साजात बसवून नेलं. म्हणून बाहेरून अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन तलवारींपैकी एकीत १९४२ चं कारखान्यातलं पातं असतं आणि दुसरीत सतराव्या शतकातलं. हा फरक मूठ काढल्याशिवाय कळत नाही.

मूठ काढायची रीत अशी. आधी सगळ्या बाजूंनी भरपूर फोटो काढा. मुठीच्या अंगावर, फितीच्या चौकटीत एक छोटी बांबूची खुंटी दिसेल, कधी दोन असतात. तिला मेकुगी म्हणतात. सबंध मूठ पात्याला तेवढ्या खुंटीवर धरलेली असते. ती निमुळती असते, म्हणून अरुंद टोकाकडून ढकलायची. पितळी किंवा कठीण लाकडाची काडी, छोटी हातोडी, हलके ठोके. लोखंडी खिळा वापरलात तर भोकाची कड फुटते. खुंटी हलत नसेल तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा आणि रात्रभर ठेवा.

खुंटी निघाल्यावर तलवार उभी धरा, टोक वर, धार तुमच्यापासून लांब, पातं किंचित मागे कललेलं. डाव्या हातानं मुठीचं खालचं टोक धरायचं आणि उजव्या हाताच्या मुठीनं डाव्या मनगटावर ठोका द्यायचा. पहिले दोन-तीन ठोके अगदी हलके, कारण मूठ आधीच सैल असेल तर पातं एकदम उसळून बाहेर येतं. पातं हबाकीजवळ, म्हणजे मुळाशी असलेल्या गळपट्ट्याजवळ, सैल झालं की पाठीच्या बाजूनं कापडात धरून उपसायचं. अडकलंच तर हातरक्षकावर, म्हणजे त्सुबावर, हातोडी कधीही मारू नका. लाकडी ठोकळा टेकवून दोन्ही बाजूंनी आळीपाळीनं ठोकायचं. त्सुबाच्या वरखाली पातळ पितळी चकत्या असतात, त्या सेप्पा. चार असतील, सहा असतील, आठही असतात. त्या ज्या क्रमानं निघाल्या त्याच क्रमानं दोऱ्यात ओवून ठेवा. त्यांच्या कडेवर बारीक आकडे ठोकलेले असतात आणि ते सगळे एकच असले, समजा सगळ्यांवर '४७', तर साज मूळचा आहे. चकत्यांचा क्रम चुकला किंवा एक हरवली की मूठ हलते. तुमच्या मुठीच्या हलण्याचं कारण बहुतेक तिथेच सापडेल.

आता उघडं पडेल ते पात्याचं शेपूट, नाकागो. त्यावरचा गडद गंज हा तलवारीचा जन्मदाखला आहे. तो घासायचा नाही, तेल लावायचं नाही, ब्रशसुद्धा फिरवायचा नाही. जुन्या तलवारीचं वय जाणकार आधी या गंजाच्या रंगावरून आणि पोतावरून ओळखतो. चॉकलेटी-काळा, गुळगुळीत, खोल बसलेला गंज शतकांचा असतो. युद्धकाळातलं शेपूट करडं, त्यावर कानशीच्या रेघा अजून स्पष्ट आणि गंज वरवरचा तपकिरी. एकापेक्षा जास्त भोकं असतील, खालचं टोक कापल्यासारखं असेल, कानशीच्या रेघा पुसट झाल्या असतील, तर पातं जुनं असून नंतर आखूड केलेलं असण्याची शक्यता आहे. त्यावर पांढऱ्या किंवा लाल रंगानं लिहिलेले आकडे दिसले तर ते तलवार जोडताना कारखान्यात घातलेले आहेत. स्पिरिटनं ते पुसले जातात, म्हणून शेपटाला स्पिरिटही नको.

कोरीव अक्षरं वाचायला खोलीत अंधार करून एका बाजूनं टॉर्च जवळजवळ आडवा धरा आणि फोटो काढा. खडू किंवा पावडर चोळायची गरज पडत नाही. एका बाजूला घडवणाऱ्याचं नाव असतं, दुसऱ्या बाजूला असलीच तर तारीख. शोवा कालगणनेच्या वर्षात १९२५ मिळवले की इसवी सन मिळतो, म्हणजे शोवा १७ हे १९४२. नाव कोरलेलं आहे म्हणून पातं पारंपरिक रीतीनं घडवलेलं आहे असं समजू नका. सेकी गावच्या युद्धकाळातल्या कितीतरी पात्यांवर नाव आहे, पण पोलाद कारखान्यातलं आणि पाणी तेलात दिलेलं, म्हणजे तापवलेलं पातं पाण्याऐवजी तेलात विझवलेलं. अशा पात्यांच्या शेपटावर बहुधा एकाच अक्षराचा छोटा शिक्का असतो, 'शोवा'मधला 'शो' किंवा 'सेकी'चं अक्षर. पाच टोकांचा तारा असेल तर लष्करानं मान्यता दिलेल्या लोहाराचं काम, आणि ते बहुतेकदा पारंपरिक असतं. नांगराचा शिक्का बहुधा नौदलाच्या तोयोकावा कारखान्याचा, त्यातली बरीच पाती स्टेनलेसची आहेत. तोक्योच्या यासुकुनी मंदिराच्या आवारात १९३३ ते १९४५ मध्ये घडवलेली पाती पूर्ण पारंपरिक आहेत आणि त्यांना मोठा मान आहे. दक्षिण मांचुरिया रेल्वेच्या कारखान्यातली 'कोआ इश्शिन' लेखाची पाती पारंपरिक नाहीत, तरी संग्राहक त्यांच्यामागे असतात, कारण ती उत्तम बनलेली आहेत.

पाणी कसं दिलं हे पात्याच्या धारेशी दिसणाऱ्या पांढुरक्या लहरीवरून, हामोनवरून, कळतं. एकच बल्ब डोक्याच्या थोडा पुढे ठेवा आणि पातं डोळ्याच्या रेषेत धरून हळूहळू कलवा. पाण्यात विझवलेल्या पात्यात त्या रेषेच्या काठावर धुक्यासारखं काहीतरी दिसतं, कधी दवाच्या कणांसारखे चमकते ठिपके. तेलात विझवलेल्यात रेषा कडक, एकसुरी असते आणि लहरीच्या उंच भागात काळपट डाग दिसतात. हे बघायला पातं घासावं लागत नाही. गंज असला तरी कुठेतरी दोन-तीन इंचांचा स्वच्छ पट्टा सापडतोच.

नकली मालाबद्दल एक परिच्छेद पुरे. तुमची तलवार घरातूनच आलेली असल्यामुळे काळजी कमी आहे, पण संग्रह वाढवायचा असेल तर हे लागेल. चीनमधून आलेल्या नकलांत साजावरच्या चेरीच्या फुलांच्या कडा बोथट, साबणात ठसा उठवल्यासारख्या असतात. खऱ्या साजात पाकळ्या धारदार आणि पार्श्वभूमी बारीक दाण्यांची. नकलेची फीत सैल आणि चौकटी लहान-मोठ्या, वळणं एका रेषेत नाहीत. चकत्यांवरचे आकडे वेगवेगळे किंवा नाहीतच. शेपटाचा गंज एकसारखा नारिंगी, आम्लात बुडवल्यासारखा. म्यानाचं कुलूप, म्हणजे त्सुबाला लागून असलेलं दाबायचं बटण, दिखाऊ असतं आणि काम करत नाही. मात्र कुलूप नाही म्हणून तलवार खोटी ठरत नाही. चामड्यात शिवलेल्या लाकडी म्यानाच्या खऱ्या तलवारींना कुलपाऐवजी बटणाचा चामडी पट्टा असतो, आणि घराण्यातलं जुनं पातं अशाच म्यानात असण्याची शक्यता जास्त.

आता पात्यावरचा गंज. तो दोन प्रकारचा. काळा, घट्ट, बोटाला न लागणारा गंज स्थिर आहे, त्याला सोडून द्या. लाल, भुरभुरणारा गंज जिवंत आहे, तो थांबवायचा. पातं उघडंच असताना त्यावरचं चिकट, वाळलेलं जुनं तेल आधी काढा : ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ धुतलेलं सुती कापड (जुन्या धोतराचा तुकडा उत्तम), खिडक्या उघड्या, जवळ ज्योत नाही. कापड पात्याच्या पाठीवरून दुमडून धरायचं आणि हबाकीपासून टोकाकडे एकाच दिशेनं न्यायचं. मागे-पुढे चोळलं की सुटलेला गंजाचा कण कानशीसारखा पात्यावर फिरतो आणि आयुष्यभराचा ओरखडा सोडतो. म्हणून प्रत्येक फेरीला कापडाची नवी घडी.

मग हलकं खनिज तेल. जपानी चोजी तेल मिळालं तर छान, नाहीतर शिलाई मशीनचं स्वच्छ तेल चालतं. खोबरेल, तीळ, मोहरी नको : खोबरेल खवट होऊन आम्ल सोडतं, बाकीची दोन वाळून चिकट राळ होतात. लाल गंजावर तेल लावून चोवीस तास ठेवा, पुसा, कापडावर तपकिरी डाग येईल. परत लावा. चार-पाच दिवसांत डाग फिका होत जातो, आणि तो यायचा थांबला की गंज थांबला. पृष्ठभागावर वर उठलेली खपली असेल आणि पातं नक्की कारखान्यातलं असेल, तर तेलात भिजलेली ती खपली हाडाच्या किंवा शिंगाच्या बोथट तुकड्यानं हळूच उचलता येते. जुन्या किंवा हातानं घडवलेल्या पात्यावर तेही करू नका. दुकानात मिळणारी उचिको नावाची पांढरी पावडर, ज्या पिशवीनं पातं थोपटतात, ती पॉलिशच्या दगडाचीच भुकटी आहे. गंजलेल्या पात्यावर ती मारणं म्हणजे घासणंच.

पात्याच्या मुळाशी असलेला पितळी गळपट्टा म्हणजे हबाकी. त्याच्याखाली गंज लपलेला असतो, म्हणून तोही काढून बघावा. तो शेपटाच्या बाजूला सरकतो. अडकला असेल तर एक थेंब तेल, एक दिवस विश्रांती, मग छोट्या लाकडी ठोकळ्यानं दोन्ही कडांवर हलकं ठोकायचं.

शिकलगाराबद्दल गैरसमज नको. त्यांची कला मोठी आहे, पण ती आपल्या तलवारीसाठीची आहे. जपानी पात्याच्या अंगावर एक सरळ कणा असतो, टोकाजवळ आडवी रेषा असते आणि दोन्हींमधले पृष्ठभाग अगदी सूक्ष्म फुगीर असतात. चाकावर ते पाच मिनिटांत गोल होतात. शिवाय चाकाची उष्णता धारेचं पाणी उतरवते, आणि एकदा उतरलेलं पाणी पुन्हा दिलं तरी पात्याचं मूळचं मोल परत येत नाही. जपानी पॉलिश हा चाकाचा धंदाच नाही. एकामागून एक बारीक होत जाणाऱ्या नैसर्गिक आणि कृत्रिम दगडांवर पाण्यात, हातानं, कित्येक आठवडे चालणारं ते काम आहे, आणि शेवटचे दगड नखाएवढे पातळ करून अंगठ्याखाली फिरवतात. खर्च पात्याच्या इंचावर ठरतो आणि कारखान्यातल्या पात्याच्या किमतीपेक्षा तो सहज जास्त होतो. म्हणून शोवा काळातलं पातं पॉलिशला देण्यात अर्थ नाही. जुनं निघालं तर मात्र द्यावंच, पण रीतसर शिकलेल्या पॉलिशकाराकडे.

इथे एक धोक्याची सूचना. पॉलिशसाठी कारखान्यातलं पातं जपानला पाठवू नका. जपानच्या १९५८ च्या कायद्यानुसार पारंपरिक रीतीनं घडवलेल्या, कलावस्तू ठरणाऱ्या पात्यांचीच तिथे नोंदणी होते. बाकीची शस्त्रं ठरतात, जप्त होतात आणि नष्ट केली जातात. आपल्याकडचे कायदेही दोन आहेत. शस्त्र अधिनियम १९५९ खालच्या २०१६ च्या नियमांत तलवारी आणि नऊ इंचांहून लांब पाती पाचव्या वर्गात येतात, म्हणून ती घरात ठेवण्याबद्दल जिल्ह्याच्या शस्त्र परवाना शाखेत किंवा जाणत्या वकिलाकडे लेखी विचारून घ्या, आणि मिरवणुकीत किंवा गाडीत घेऊन फिरू नका. पातं शंभर वर्षांहून जुनं निघालं तर ते १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येतं आणि खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही.

मूठ हलते त्यावर उपाय. आधी चकत्यांचा क्रम आणि संख्या तपासा. मग खुंटी : जुनी चेपली किंवा झिजली असेल तर पोक्त, पूर्ण वाळलेल्या बांबूची नवी करा. भोक एका बाजूला मोठं, दुसऱ्या बाजूला लहान असतं, त्याच निमुळतेपणानं काचेच्या तुकड्यानं तासत आणायची, शेवटचा मिलिमीटर हलक्या ठोक्यानं बसला पाहिजे. ओला बांबू आकसतो, मऊ लाकूड चिरडतं, लोखंडी स्क्रू शेपटाचं भोक खातो. तरीही हलली तर मुठीच्या आत शेपटाला लागून पातळ जपानी कागदाची किंवा बारीक लाकडी चिरीची पट्टी सरकवा. एम-सील, अ‍ॅराल्डाइट, फेविकॉल अजिबात नको. ते मुठीतलं लाकूड आणि शेपटाचा गंज एकमेकांना कायमचे चिकटवतात, आणि पुढच्या माणसाला मूठ फोडल्याशिवाय सही वाचता येत नाही.

मुठीची फीत सुटत असेल तर नवी विणून घ्यायचा मोह होतो. मूळची तपकिरी फीत मळकी, विरलेली असली तरी तीच ठेवा. खालचं पांढरं खडबडीत कातडं पाकट (स्टिंगरे) जातीच्या माशाचं असतं. त्याला तेल किंवा पाणी लावू नका, मऊ कोरड्या ब्रशनं धूळ काढली की झालं. मुठीच्या टोकाच्या कडीला गोंडा बांधलेला असेल तर धुऊ नका, रंग उतरतो. आणि त्या रंगातच माहिती आहे : तपकिरी-निळा म्हणजे लेफ्टनंट ते कॅप्टन, तपकिरी-लाल म्हणजे मेजर ते कर्नल.

म्यानाला नवा रंग नको. मूळचा तपकिरी रंग उडालेला असला तरी मोलाचा आहे. ओलसर कापडानं पुसा, लगेच कोरडं करा, आणि मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या (रेनेसाँ वॅक्स मिळतं). धातूच्या म्यानात लाकडी अस्तर असतं आणि म्यानाच्या तोंडाशी दोन बाजूंना स्क्रू असतात. ते काढले की तोंड आणि अस्तर बाहेर येतं. आतला जुना तेलकट गाळ पात्याला ओरखडे पाडतो, म्हणून अस्तराच्या आतून कोरड्या लाकडी काडीला गुंडाळलेलं कापड फिरवा. अस्तर फेकू नका, जुळवून परत बसवा. वर चामड्याचं आच्छादन असून हाताला लाल भुकटी लागत असेल तर चामडं कुजलं आहे. बुटाचं पॉलिश किंवा तेल लावलं तर ते काळं पडून गळतं. संवर्धनात त्यासाठी स्पिरिटमध्ये विरघळवलेलं क्लुसेल-जी, म्हणजे सुटं झालेलं चामडं धरून ठेवणारं द्रव्य, वापरतात. ते करून घेईपर्यंत हात न लावणं हेच चांगलं.

ठेवायची कशी? आडवी, धार वर, कापडी पिशवीत, कोरड्या कपाटात. प्लास्टिक नको, त्याच्या आत दव धरतं. पात्यावर तेलाचे दोन-तीन थेंब सगळ्या लांबीला पुरतात. श्वासानं बुरा आल्यासारखा पुसट थर दिसला पाहिजे, ओघळ नाही, कारण जादा तेल म्यानात उतरून गाळ करतं. देशावर सहा महिन्यांनी, कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर दर महिन्याला काढून बघा. काढताना धार वर ठेवा, म्हणजे पात्याची पाठ म्यानावरून घसरते आणि ना म्यान कापलं जातं, ना बोटं.

खंडेनवमीला पूजा होत असेल तर ती जरूर करा, फक्त ओलं हळद-कुंकू आणि गंध पात्यावर लावू नका. सकाळी लावलेल्या ओल्या बोटाच्या ठशाखाली संध्याकाळपर्यंत गंज धरलेला असतो, आणि हळदीचा डाग मुठीच्या कातडीतून जात नाही. तलवार म्यानातच ठेवा, पुढ्यात कागदावर कुंकू वाहा, आणि त्याच दिवशी पावसाळ्यानंतरचं तेलही करून घ्या.

शेवटचं काम कागदाचं. १९४५ मध्ये शरणागतीच्या वेळी जपानी अधिकाऱ्यांनी तलवारी प्रत्यक्ष हाती द्याव्यात असा माउंटबॅटनचा आग्रह होता, म्हणून ब्रह्मदेशात आणि मलायात लढलेल्या भारतीय सैनिकांच्या घरी त्या आल्या. म्यानाला बांधलेली लाकडाची किंवा कापडाची शाईनं लिहिलेली चिठ्ठी असेल तर ती सोडू नका, त्यावर बहुधा जपानी मालकाचं नाव आणि हुद्दा असतो. आजोबांची बटालियन कोणती, हे त्यांच्या सेवापुस्तकातून काढा. मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधल्या सांगशाकच्या लढाईत होती, तर पहिली १९४६ मध्ये थेट जपानमध्ये गेली होती. बटालियन कळली की तलवार कुठून आली असेल त्याचा भूगोल निम्मा आवरतो. ती माहिती, शेपटाचे फोटो, चकत्यांवरचे आकडे आणि पात्याची लांबी (टोकापासून पाठीवरच्या खाचेपर्यंत सरळ मोजलेली, सेंटिमीटरमध्ये) एका कागदावर लिहून तलवारीसोबत ठेवा, पिशवीत नाही, शेजारी.